शिबिर जूनचं, थंडी जानेवारीची

“श्रद्धा कमी पडते, बाई, म्हणून धाप लागते.” योगशिबिरात ऐकलेलं हे वाक्य आदिलाबाद जिल्ह्यातल्या जैनदच्या एका निवृत्त शिक्षिकेला अजून सलतं.

आदिलाबादचे ऋतू टोकाचे. मे महिन्यात पारा 45 अंशांना टेकतो, जानेवारीत कधी 5 च्या खाली उतरतो. बाईंचा दमा जुना. 21 जूनच्या योगदिनाला धरून भरलेल्या शिबिरात त्या भस्त्रिका, म्हणजे भात्यासारखा भराभर श्वास घेण्याचा प्राणायाम, शिकल्या. पावसाळा निभावला.

जानेवारीतल्या शिबिरातही तेच मैदान, तीच पहाट, तेवढीच आवर्तनं. कापसाचा हंगाम, हवेत जिनिंगची धूळ, कुठे पऱ्हाटी पेटवलेली. थंडीत धूर वर चढत नाही, जमिनीलगत रेंगाळतो. भराभर श्वास घेताना हवा गरम आणि ओलसर करायला नाकाला सवड मिळत नाही; अशी गार, कोरडी हवा आत गेली की दमेकऱ्याच्या श्वासनळ्या आवळतात. बाईंची छाती वाजू लागली. थांबू का, असं त्यांनी विचारलं, तर सगळ्यांदेखत श्रद्धेचा हिशेब निघाला. पिशवीतला दम्याचा पंप बाहेर काढायचीही त्यांना चोरी झाली. दम लागल्याचं दुःख नाही, त्या म्हणतात. आजारी माणसाला गुन्हेगार का ठरवलं?

परंपरेचा दाखलाही उलटाच आहे. घेरंडसंहिता हा हठयोगाचा जुना ग्रंथ हेमंत, शिशिर, ग्रीष्म आणि वर्षा ऋतूंत योगाचा आरंभ करू नये म्हणतो. त्यासाठी वसंत आणि शरद सांगतो. 1924 साली लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी तर प्राणायाम प्रयोगशाळेत नेऊन तपासला. मग शिबिरात साधा प्रश्न विचारायला बंदी कशाला?

आता बाई हिवाळ्यात ऊन चढल्यावर, घरातच, सावकाश अनुलोम-विलोम करतात. उन्हाळ्यात सावलीत बसून शीतली. ओल्या जिभेवरून हवा ओढली की तोंड गार होतं. वावटळ उठली की तीही बंद, कारण तोंडाने घेतलेली हवा नाकातून गाळली जात नाही. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय पंप सोडू नका, हे त्या भेटेल त्याला बजावतात.

एवढं असूनही मैदानातली ती पहाट त्यांना हवीच आहे. चार बायका भेटतात, अंगात तरतरी येते. येत्या हिवाळ्यात मफलर गुंडाळून पुन्हा जायचं म्हणतात. भस्त्रिकेच्या वेळी नुसतं बसून राहीन, म्हणतात. सुनेला ते अजून पटलेलं नाही.