ग्वाल्हेरात जेवायचं कुठं?

२०२४ च्या जूनमधली गोष्ट. बारावीनंतर आमच्या चिरंजीवांनी जाहीर केलं की त्याला गाणं शिकायचं आहे आणि तेही ग्वाल्हेरला, राजा मानसिंह तोमर संगीत विद्यापीठात. मी इतिहासाचा प्राध्यापक, त्यामुळं वाद घालायची सवय जुनीच. म्हटलं, "अरे, बेळगावपासून धारवाड हाकेच्या अंतरावर. लोक गाणं शिकायला धारवाडला येतात आणि तू उलटा कुठं निघालास?"

तो शांतपणे म्हणाला, "बाबा, ग्वाल्हेरची गायकी आपल्या भागात आणली कुणी? बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनीच ना? ते घरात बसून राहिले असते तर? आणि भीमसेन जोशी १९३३ साली, अकराव्या वर्षी गदगहून पळाले, ते ग्वाल्हेरला पोचलेच की."

गदग हे आमच्या सौभाग्यवतींचं माहेर. तिला हे उदाहरण मुळीच आवडलं नाही. पळून गेलेल्या त्या पोराच्या आईनं ते दिवस कसे काढले असतील, हे आधी तिच्या मनात आलं. गायकी, घराणं, विद्यापीठ यांतलं काहीच तिनं विचारलं नाही. तिचा प्रश्न एकच होता, "अल्ली ऊटा एल्ली माडतान इंव?" घरात कन्नड आणि मराठी दोन्ही चालतात, पण काळजी मात्र ती नेहमी कन्नडातूनच करते.

तिच्या या प्रश्नाचं उत्तर शोधायला मी जुलैमध्ये पोराबरोबर निघालो. गोवा एक्स्प्रेसला बेळगावला बसलं की गाडी न बदलता ग्वाल्हेर येतं. हाताशी सहा दिवस होते. पोरासाठी लष्कर भागात एक खोली मिळाली, पण घरमालकाची अट होती की खोलीत शेगडी पेटवायची नाही. म्हणजे तिन्ही त्रिकाळ बाहेरच खायचं. प्राध्यापकाचा पगार लोकांना मोठा वाटतो. आमच्या घराचे हप्ते आणि आईची औषधं वजा केली, तर पोराच्या जेवणाला दिवसाला दीडशे रुपये निघत होते. त्यात तीन-चार वर्षं काढायची होती.

पहिल्या दिवशी मी तीच चूक केली जी नव्या गावात सगळे करतात. प्रवासानं थकलो होतो, भूक लागली होती. बाहेर दिव्यांची माळ आणि आत गारवा असलेलं एक हॉटेल दिसलं, शिरलो. जाडजूड मेनूकार्ड. पनीरची भाजी आली, तिच्यावर बोटभर तेल. रोटी गार झाली की चामड्यासारखी. दोघांचं बिल सहाशे ऐंशी. मी काही न बोलता पैसे दिले. पोरगाही काही बोलला नाही. खोलीवर आल्यावर अंधारात म्हणाला, "बाबा, रोज असा खर्च होणार असेल तर मी येतो परत. धारवाडला घेईन ॲडमिशन."

धारवाडचा आग्रह मीच तर धरला होता. आता तो स्वतः म्हणतोय म्हटल्यावर मला आनंद व्हायला हवा होता. पण गाणं सोडून नव्हे, तर जेवणाच्या बिलाला घाबरून पोरगं परत येतंय, ही कल्पना मला रात्रभर झोपू देईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी महाराज बाड्यावर गेलो. इतिहासवाल्याला तिथं फिरताना गंमत वाटते. साताऱ्याकडच्या कण्हेरखेडचे शिंदे. त्यांतल्या दौलतरावांनी १८१० च्या सुमारास इथं छावणी टाकली, तेच हे लष्कर. पाटणकर बाजार, शिंदे की छावनी, चिटनीस की गोठ, ढोलीबुवा का पुल अशी गल्लीबोळांची नावं वाचत गेलो की आपण उत्तरेत आहोत हे विसरायला होतं. मी मनाशी म्हटलं, एवढं मराठी गाव आहे, पिठलं-भाकरीची एखादी खाणावळ सहज सापडेल.

चिटनीस की गोठमध्ये एक वयस्कर गृहस्थ ओट्यावर पेपर वाचत बसले होते. त्यांना मराठीतून विचारलं. ते हसले आणि हिंदी वळणाच्या गोड मराठीत म्हणाले, "प्रोफेसरसाहेब, इथं मराठी जेवण घराघरात आहे, दुकानात नाही. दुकानात शोधाल तर उपाशी राहाल. मुलाला इथंच राहायचं आहे ना? मग इथल्यासारखं खायला शिकू द्या. सकाळी हलवायाकडं जा, दुपारी दाल बाजारातले मुनीम आणि हमाल जेवतात तिथं जा. आणि रात्रीसाठी असं ठिकाण पाहा, जिथं मुलाचं नाव माहीत असेल."

हे शेवटचं वाक्य मी तेव्हा नुसतं ऐकून घेतलं. पण बाकीच्या दोन गोष्टी लगेच अमलात आणल्या.

सकाळी हलवायाच्या दुकानासमोर उभं राहून बेडई खाल्ली. डाळीचं सारण भरलेली फुगीर पुरी, बरोबर बटाट्याची रस्साभाजी, वर जिलेबी. आपल्याकडं इडली-वड्याला जी जागा, तीच इथं बेडईला. एक नियम मात्र ध्यानात आला. कढई चढते तेव्हा जायचं, उतरायच्या वेळी नाही. सकाळी तेल ताजं असतं, गर्दी असते, घाणा सतत निघत असतो. अकरानंतर तीच वस्तू गार आणि जड होते.

नया बाजारात बहादुरा यांच्या दुकानी साजूक तुपातले बुंदीचे लाडू खाल्ले. अटलबिहारी वाजपेयी जन्मानं ग्वाल्हेरचे आणि या लाडवांचे शौकीन. दुकान पाहून मात्र कुणाला खरं वाटणार नाही. ना काचा, ना झगमगाट. जुनी इमारत, साधं फळकूट आणि पुढं माणसांची रांग. पोरगा म्हणाला, "बाबा, बोर्ड जितका लहान तितकं खाणं चांगलं, असं आहे का इथं?" तसा काही कायदा नसतो, पण रांगेत कोण उभं आहे ते मात्र पाहावं. पिशवी घेऊन आलेली घरची माणसं असली तर बिनधास्त उभं राहावं.

तिसऱ्या दिवशी स्टेशन रोडवरच्या इंडियन कॉफी हाऊसमध्ये गेलो. डोसा आणि फिल्टर कॉफी पाहून पोराचा चेहरा उजळला. या कॉफी हाऊसांची कथा मी वर्गात नेहमी सांगतो. कॉफी बोर्डानं आपली दुकानं बंद करायला घेतली, तेव्हा नोकरी गमावलेल्या कामगारांनी ए. के. गोपालन यांच्या पुढाकारानं सहकारी संस्था काढल्या. त्यांतली पहिली १९५७ साली बेंगळुरूत निघाली. म्हणजे ग्वाल्हेरच्या त्या टेबलावर आपलंच कर्नाटक थोडंसं येऊन बसलं होतं. तिथं तासभर बसलं तरी कुणी उठवत नाही. घरची आठवण येईल त्या दिवशी इथं यायचं, असं पोरानं ठरवून टाकलं.

दुपारी जयविलास महाल पाहिला. १८७४ मध्ये जयाजीरावांनी बांधलेला. तिथल्या भोजनगृहात लांबलचक टेबल आहे आणि त्यावर चांदीची छोटी आगगाडी. पाहुण्यांसमोर पेयं आणि सिगार घेऊन ती फिरायची. आम्ही बाप-लेक ती गाडी बघत उभे होतो आणि खिशात दिवसाच्या दीडशेपैकी चाळीस रुपये उरले होते. दोघांनाही एकदम हसू आलं. त्या हॉटेलच्या रात्रीनंतर आम्ही एकत्र हसलो ते तेव्हा पहिल्यांदा.

चौथ्या दिवशी किल्ल्यावर गेलो. जहांगीरनं गुरू हरगोविंदांना याच किल्ल्यात कैदेत ठेवलं होतं. सुटताना त्यांनी बावन्न राजांनाही सोडवून नेलं, म्हणून इथल्या गुरुद्वाराचं नाव दाता बंदी छोड. लंगरमध्ये पंगतीत बसलो. डाळ, रोटी, भाजी. कुणी जात विचारली नाही, गाव विचारलं नाही, पैसे तर नाहीच. मी पोराला सांगितलं, "महिनाअखेरीला खिसा रिकामा झाला तर इथं यायला लाजू नकोस. पण जेवून झाल्यावर भांडी घासायला थांब." संध्याकाळी तानसेनांच्या समाधीवर गेलो, तर तिथल्या चिंचेची पानं खाल्ली की गळा गोड होतो म्हणे. पोरगा म्हणाला, "ग्वाल्हेरातलं सगळ्यात स्वस्त खाणं हेच दिसतंय, बाबा."

एवढं सगळं झालं, तरी रोजच्या रात्रीच्या जेवणाचं कोडं सुटलं नव्हतं. गावाला आलेला पाहुणा आठवडाभर कुठंही खातो. राहणाऱ्याला मात्र रोज तेच ताट लागतं आणि ते पोटाला सोसावं लागतं. पाचव्या दिवशी दाल बाजाराच्या मागच्या एका बोळात एक भोजनालय सापडलं. पाच बाकं, भिंतीवर फळा, आत नवरा गल्ल्यावर आणि बायको तव्यावर. मी तिथं लागोपाठ तीन वेळा जेवलो. दुपारची उरलेली डाळ रात्री येते का, पाण्याचं पिंप झाकलेलं असतं का, ताटं कुठं धुतात, हे सगळं पाहिलं. जेवणाऱ्यांत निम्मे चेहरे तिन्ही वेळेला तेच होते. ही माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोठी पावती.

तिसऱ्या खेपेला त्या बाई तव्यावरूनच म्हणाल्या, "भाईसाहब, आप खाते कम हैं, देखते ज़्यादा हैं." मी ओशाळलो आणि खरं काय ते सांगून टाकलं. त्यांनी पोराकडं पाहिलं. "चावल के बिना चलता नहीं होगा इसका," म्हणाल्या. एरवी तिथं रात्री फक्त रोट्या असत, पण पोरासाठी वाटीभर भात ठेवायचं कबूल झालं. महिन्याचं खातं उघडलं. दोन्ही वेळचं जेवण आमच्या हिशेबात बसलं आणि सकाळच्या बेडईपुरते पैसेही उरले. निघताना मी माझा फोन नंबर त्यांच्या वहीत लिहून ठेवला. का, ते मलाही नीट सांगता आलं नसतं.

ऑक्टोबरमध्ये एका रात्री अनोळखी नंबरावरून फोन आला. भोजनालयाचे मालक बोलत होते. "आपका बेटा दो दिन से आया नहीं. हमने लड़के को कमरे पर भेजा, बुखार में पड़ा है. घबराइए मत, डॉक्टर को दिखा दिया, खिचड़ी भेज रहे हैं."

पोरानं आम्हाला काहीच कळवलं नव्हतं. आम्ही खर्च करून धावत येऊ, ही त्याला भीती. डेंग्यू निघाला. सुदैवानं वेळेवर कळला. मी दुसऱ्या दिवशी निघून पोचेपर्यंत त्याच्या उशाशी स्टीलचा डबा होता आणि अंगातला ताप उतरणीला लागला होता. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन दिवस असाच पडून राहिला असता तर अवघड होतं.

त्या खोलीत बसून मला चिटनीस की गोठमधल्या त्या आजोबांचं वाक्य आठवलं. मुलाचं नाव माहीत असेल असं ठिकाण. मी सहा दिवस चव पाहिली, दर पाहिले, तेल पाहिलं. ते सगळं पाहायलाच हवं. पण परगावी राहणाऱ्या पोराचं जेवणाचं ठिकाण चांगलं आहे की नाही, हे तो जेवायला आला नाही त्या दिवशी कळतं. मोठ्या हॉटेलात तुम्ही गेला नाहीत तर कुणाला पत्ता लागत नाही.

आपल्या सीमाभागातली मुलं आता पुणे, बेंगळुरू, हैदराबाद, कुठं कुठं जातात. पालक सोडायला जातात तेव्हा खोली बघतात, गादी घेतात, बादली-मग घेतात आणि जेवणाचं 'बघ तू' म्हणून परत फिरतात. आता तर मोबाइलवर बोट ठेवलं की दारात जेवण येतं, मग कशाला शोधायचं, असंही वाटतं. अडीनडीला ते ठीक आहे. पण डबा दारात ठेवून जाणाऱ्याला आत कुणी तापानं फणफणलंय, हे कसं कळावं? म्हणून म्हणतो, दोन दिवस जास्त राहा. एकाच ठिकाणी तीनदा जेवा. चुलीपाशी कोण आहे ते बघा, त्यांच्याशी बोला आणि आपला नंबर त्यांच्या वहीत ठेवा.

डिसेंबरात तानसेन समारोहाचं शंभरावं वर्ष होतं. आम्ही दोघंही गेलो. प्रथेप्रमाणं ढोलीबुवांची हरिकथा ऐकली, गाणी ऐकली. पण सौ.चं पहिलं काम वेगळंच होतं. बेळगावचा कुंदा आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन ती थेट त्या बोळात गेली. तिचं हिंदी यथातथाच. काय बोलायचं ते गाडीत दोनदा पाठ केलं होतं. तव्यापाशी पोचल्यावर मात्र सगळं विसरली आणि त्या बाईंचा हात धरून नुसती उभी राहिली.

त्या बाईच आधी बोलल्या. "बहनजी, खाना खाया?"

आमच्याकडं हाच प्रश्न दिवसातून दहादा होतो. सौ. डोळे पुसत वळली आणि पोराला म्हणाली, "केळिदेनो? ऊटा आतेनंत केळताळ." मग आम्ही तिघंही बाकावर बसलो. रात्रीची वेळ, थंडी मरणाची. ताटात गरम रोटी आली, डाळ आली आणि न मागता तीन वाट्या भात आला.

परतताना आमच्या पिशवीत गजकाचे दोन डबे होते. पैसे द्यायला गेलो तर घेतले नाहीत. पोरगा अजून तिथंच जेवतो. फोनवर तो काय शिकला, कुठला राग चालू आहे, हे मी विचारतो. त्याची आई मात्र आता जेवणाचं विचारत नाही. ती विचारते, "चाची कशी आहे रे?"