दुर्बीण की चिरा?

तुमसरच्या बाजारपेठेत धानाचा हंगाम ऐन भरात असताना एका वयोवृद्ध अडत्यांचा उजवा खांदा दुखावला. कलंडणारा कट्टा सावरण्यासाठी त्यांनी हात पुढे केला आणि आत काहीतरी तुटल्यासारखे झाले. त्या दिवसापासून वरच्या फळीवरील वहीपर्यंत हात पोहोचेना. त्या कुशीवर झोपही लागेना. महिनाभर लेप, शेक, मालिश झाले. अखेर नागपूरला एमआरआय काढल्यावर निदान झाले: रोटेटर कफ फाटला होता.

खांद्याची रचना मोठा गोळा आणि उथळ वाटी अशी असते. त्यामुळे हात चहूकडे फिरतो. मात्र सांध्याला हाडांचा आधार थोडाच मिळतो. गोळा वाटीत धरून ठेवतात त्या चार स्नायूंच्या कंडरा, म्हणजेच रोटेटर कफ. फाट लहान असेल तर पुष्कळदा व्यायामानेच भागते. अपघाताने कंडरा पूर्ण तुटली असेल तर विलंब नडतो. ती आखडते, स्नायूत चरबी भरते आणि पुढे टाका नीट धरत नाही.

शस्त्रक्रिया ठरली, तसे घरात दोन पक्ष पडले. धाकटे चिरंजीव दुर्बिणीच्या बाजूचे, तर थोरल्यांना जुनी, चिरा देऊन करावयाची पद्धत खात्रीची आणि कमी खर्चाची वाटे. ती पद्धत खरोखरच जुनी आहे, बोस्टनचे डॉ. कॉडमन यांनी १९११ मध्येच तिची माहिती प्रसिद्ध केली होती. दुर्बिणीच्या पद्धतीत लहान छिद्रांतून काम होते, वरचा मोठा स्नायू फारसा दुखावत नाही आणि सुरुवातीच्या वेदना बहुधा कमी असतात. हाडात अँकर बसवून कंडरा पुन्हा जागेवर बांधणे हे मूळ काम आता दोन्हीकडे सारखेच. अँकरची एक रांग घालावी की दोन, हा पुढचा प्रश्न. मोठ्या फाटीत दोन रांगांची पकड अधिक चांगली; पण अँकर वाढले की बिलही वाढते.

शेठजींनी व्यापाऱ्याचा प्रश्न विचारला, "डॉक्टरसाहेब, टिकेल कोणते?"

डॉक्टरांनी सांगितले, की ब्रिटनमध्ये दोन्ही पद्धतींची तुलना झाली, तेव्हा दोन वर्षांनंतर रुग्णांच्या स्थितीत लक्षणीय फरक आढळला नाही. फाटीचा आकार, शल्यचिकित्सकाचा हातखंडा, मधुमेहावरील नियंत्रण, तंबाखूपासून दूर राहणे आणि नंतरचा व्यायाम यांवरच अधिक अवलंबून असते. कंडरा हाडाला धरण्यास सुमारे तीन महिने लागतात; कोणतेही यंत्र ती मुदत कमी करीत नाही.

शस्त्रक्रिया दुर्बिणीने झाली. खरी परीक्षा पुढे होती. सहा आठवडे हात झोळीत. कट्टा उचलणे तर दूरच, शर्टाची बटणेही पत्नीने लावायची. चाळीस वर्षांत प्रथमच गल्ल्याची किल्ली मुलांकडे गेली. ते चिडत, तेव्हा नातू सचिन तेंडुलकरांचे उदाहरण देई. मार्च २००६ मध्ये त्यांच्या खांद्यावर लंडनला शस्त्रक्रिया झाली आणि सप्टेंबरमध्ये क्वालालंपूरला त्यांनी नाबाद १४१ धावा केल्या. "आजोबा, त्यांनाही सहा महिने थांबावे लागले."

आठव्या महिन्यात शेठजींनी वरच्या फळीवरील वही स्वतः काढली. किल्ली मात्र त्यांनी परत मागितली नाही.