खंडू आणि बाबांची डबी

2006 च्या चंपाषष्ठीला आजीने मला कुत्र्याला घालायचा रोडगा देऊन खाली पाठवलं आणि मी रिकाम्या ताटलीबरोबर एक पिल्लू घेऊन वर आले. साताऱ्यातल्या आमच्या इमारतीच्या जिन्याखाली ते एकटंच कुडकुडत बसलं होतं. गावठी, पिवळसर, बरगड्या दिसत होत्या आणि पोट मात्र नगाऱ्यासारखं. आई नको म्हणाली. आजी म्हणाली, "आजच्या दिवशी दारात आलंय, परत पाठवायचं नाही." खंडोबाच्या दिवशी आला म्हणून खंडू.

चौथ्या दिवशी सकाळी आई मागच्या गॅलरीत गेली आणि तशीच तोंडाला पदर लावून मागे फिरली. खंडू स्वतःचीच शी खात होता.

पुढचे तीन आठवडे आम्ही त्याच्याशी जे वागलो ते मला लिहायलाच हवं. बाबांनी पेपरची सुरळी करून फटके दिले. ओळखीच्या एका गृहस्थांनी सांगितलं, "नाक घासा त्याचं त्यात, पुन्हा करणार नाही." तेही केलं. खंडूला मी धरलं होतं. माझा तळवा त्याच्या छातीखाली होता आणि त्याचं काळीज केवढ्या वेगाने धडधडत होतं ते मी अजून विसरलेले नाही. मग कुणी म्हणालं म्हणून शीवर तिखट टाकून पाहिलं. त्याने ती तिखटासकट खाल्ली, आणि कितीतरी वेळ शिंकत, डोळ्यांतून पाणी गाळत कोपऱ्यात बसून राहिला. आमच्या जवळ यायलाही तो धजला नाही.

आधी शी करून झाल्यावर तो रेंगाळायचा, हुंगायचा, मग खायचा. आता पाठ वाकवली की मान वळवून दाराकडे बघायचा आणि आमची चाहूल लागायच्या आत सगळं संपवून टाकायचा. आई म्हणायची, "मुद्दाम करतंय मेलं."

शेवटी त्याला गुरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी त्याला टेबलावर उभं केलं, पोट चाचपलं आणि पहिला प्रश्न बाबांना विचारला, "मारलंत का?" बाबा गप्प राहिले. डॉक्टर म्हणाले, "शी दिसली की मार बसतो, एवढंच त्याला कळलंय. म्हणून तो ती दिसूच देत नाही."

मग ते समजावून सांगत राहिले. पिल्लं जन्मली की पहिले काही आठवडे आईच त्यांना चाटून शी-शू करायला लावते आणि जागा साफ राहावी म्हणून ते सगळं स्वतः खाते. पिल्लू तर जग तोंडानेच तपासत असतं. खाण्यासारखा वास आला की खाऊन बघतं. बहुतेकांची ही खोड वाढत्या वयात आपोआप सुटते, पण कोंडून ठेवलं, कंटाळा आला, भीती बसली की ती पक्की होते. आमचा खंडू दिवसातले सहा-सात तास त्या गॅलरीत एकटा असायचा. तिथे त्याच्याजवळ खेळायला दुसरं होतं काय?

शी बाटलीतून तपासायला दिली. जंतांची अंडी निघाली. गोल जंत तर आईच्या पोटातूनच पिल्लात येतात. वजन करून औषध दिलं, पंधरा दिवसांनी पुन्हा, मग सहा महिन्यांचा होईपर्यंत दर महिन्याला. आम्ही त्याला दोन वेळा वाडगाभर दूध-पोळी घालत होतो. ते त्याला पचतच नव्हतं, पोळीचे तुकडे जसेच्या तसे बाहेर पडत होते. डॉक्टरांनी दूध बंद केलं. दिवसातून चार वेळा थोडं थोडं: भात, उकडलेलं अंडं, बिनमसाल्याचं चिकन. आजीने आयुष्यात अंड्याला हात लावला नव्हता. तिने त्याच्यासाठी वेगळं पातेलं काढून दिलं.

खरी खोड मोडली ती बाबांच्या डबीने. बाबा तेव्हा नुकतेच निवृत्त झाले होते. पूर्वी सुपारी ठेवायची स्टीलची डबी त्यांनी घासून घेतली आणि तिच्यात उकडलेल्या कलेजीचे हरभऱ्याएवढे तुकडे ठेवायला लागले. खंडूचं खाणं झालं की पाच-दहा मिनिटांत दोरी लावून खाली. तो गोल गोल फिरून बसला की बाबा काही बोलायचे नाहीत. झालं की लगेच, त्याने मागे वळायच्या आत, डबी वाजवायचे आणि हलक्या आवाजात म्हणायचे, "खंडू, ये." तो आला की तुकडा. मी मागच्या मागे शी कागदात उचलायची. धावत जायचं नाही, ओरडायचं नाही, हे डॉक्टरांनी बजावलं होतं. आपण झडप घातली तर त्याला वाटतं, ही काहीतरी हिसकावून घ्यायची वस्तू आहे.

पहिल्या आठवड्यात डबी वाजली की तो घाबरून खाली बसायचा. बाबांचा हात वर गेला की मान आत ओढायचा. बाबा रस्त्यातच उकिडवे बसून तळहात उघडा धरायचे आणि थांबायचे. थंडीत, कानटोपी घालून, पाच पाच मिनिटं. एका सकाळी तो शी करून स्वतःच वळला, मागे न बघता बाबांकडे धावत आला आणि डबीला नाक लावलं. बाबा वर येऊन आईला म्हणाले, "आज आला." एवढंच म्हणाले.

आठव्या महिन्यापर्यंत खोड पूर्ण गेली. मध्ये एकदा घरच्या लग्नासाठी त्याला दुपारभर गॅलरीत ठेवावं लागलं, तेव्हा एकदाच पुन्हा घडलं. कुणी काही बोललं नाही. पुढची बारा वर्षं त्याने आमच्या घराची राखण केली. आजीच्या शेवटच्या आजारपणात तो तिच्या पलंगाखालून हलला नाही, आणि चंपाषष्ठीचा पहिला रोडगा कायम त्याचा.

2018 साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथले प्राध्यापक बेंजामिन हार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच विषयावर केलेली पाहणी माझ्या वाचनात आली. साधारण सहातलं एक कुत्रं वारंवार शी खातं, आणि बहुतेक करून ताजी, दोन दिवसांच्या आतलीच. जंतांची अंडी घातक व्हायच्या आत बसायची जागा साफ करण्याची ही लांडग्यांपासून आलेली सवय असावी, असा त्यांचा अंदाज. घर घाण न करण्याची शिस्त या कुत्र्यांना इतरांइतकीच सहज लागलेली होती. खोड मोडण्यासाठी बाजारात मिळणाऱ्या पुड्या-गोळ्यांचा गुण शंभरात फार तर दोघांना आलेला. मी ते बाबांना वाचून दाखवलं. खंडू तेव्हा त्यांच्या पायाशी झोपला होता, तोंड पांढरं झालेलं.

2019 च्या पावसाळ्यात त्याचे मागचे पाय गेले. एका रात्री तीनच्या सुमाराला त्याला आवरलं नाही, गोधडीवरच शी झाली. त्याने ती लपवली नाही, खाल्ली नाही. पुढच्या दोन पायांवर फरफटत तो बाबांच्या खाटेपर्यंत गेला आणि लोंबणाऱ्या हाताला नाक लावून त्यांना उठवलं. बाबांनी दिवा लावला, त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि मला हाक मारली. मी गोधडी उचलली, आणि बाबा डबी शोधायला गेले.