डब्यावरची अक्षरे

हातात चहाचा रिकामा कागदी पेला घेऊन एखादा शहाणासुरता माणूस किती वेळ उभा राहू शकतो, असे मला कोणी विचारले, तर मी छातीठोकपणे सांगेन – पुरी सात मिनिटे! परवाच एका स्टेशनच्या फलाटावर मी तसा उभा होतो. समोर तीन डबे होते. एक हिरवा, एक निळा आणि तिसऱ्याचा मूळ रंग कोणता हे त्याच्या रंगाऱ्यालाच ठाऊक. हिरव्यावर ‘ओला’, निळ्यावर ‘सुका’ असे लिहिले होते. तिसऱ्यावर नुसतेच ‘मला वापरा’. आता या पेल्याचे करावे तरी काय? तो कागदाचा, म्हणून सुका. पण तळाशी घोटभर चहा, म्हणून ओला. शिवाय आतल्या बाजूने त्याला प्लास्टिकचा पातळ थर असतो, म्हणजे तो धड कागदही नव्हे. माझ्या शेजारच्या गृहस्थांनी आपला पेला बिनदिक्कत तिसऱ्या डब्यात भिरकावला आणि माझ्याकडे कीव आल्यासारखे पाहिले. इतक्यात गाडी आली, आणि मी पेल्यासकट डब्यात – म्हणजे गाडीच्या डब्यात – चढलो.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टीचा इतका विचार कशाला? खरे आहे. दोन वर्षांपूर्वीपर्यंत मीही तो कधी केला नव्हता. पण डब्यांवरच्या अक्षरांशी माझे जुने देणे आहे. त्याची हकीकत सांगितल्यावाचून मला राहवत नाही.

आमच्या महाविद्यालयात एक तपासणी समिती यायची होती. समिती येणार म्हटल्यावर कुंड्यांना गेरू लागतो, ग्रंथालयातल्या पुस्तकांवरची धूळ उडते आणि प्राध्यापक वेळेवर येऊ लागतात. त्याच उत्साहात आवारात ठिकठिकाणी कचऱ्याचे डबे आले. प्राचार्य मला म्हणाले, “तुम्ही मराठीचे. डब्यांवरचा मजकूर तुम्हीच द्या. जरा भारदस्त असू द्या.”

भारदस्त म्हटल्यावर मला स्फुरण चढले. ‘ओला’ आणि ‘सुका’ हे शब्द मला फारच घरगुती वाटले. दोन संध्याकाळ कोश चाळून मी एका डब्यासाठी ‘जैवविघटनशील पदार्थ’ आणि दुसऱ्यासाठी ‘पुनश्चक्रणक्षम पदार्थ’ अशी योजना केली. पेंटरला दुसरा शब्द एका ओळीत बसेना, म्हणून त्याने ‘पुनश्च’ वर आणि ‘क्रणक्षम’ खाली असे त्याचे दोन तुकडे केले. मुलांनी त्याच दिवशी त्या डब्याचे नाव ‘पुनश्च हरिओम’ ठेवले. मला राग आला; पण मनातून थोडा सुखावलोही. माझा शब्द निदान मुलांच्या तोंडी तरी बसला होता!

डब्यांची गंमत एवढ्यावर संपत नव्हती. ग्रंथालयापाशी हिरवा-निळा असा जोड होता. उपाहारगृहापाशी कोणी देणगीदाराने दिलेले दोन्ही डबे हिरवेच होते. जिन्याखाली एकटाच निळा डबा उभा होता आणि त्याला सोबती नसल्यामुळे केळीच्या सालीपासून उत्तरपत्रिकांच्या पुरवण्यांपर्यंत सगळे त्याच्या पोटात जाई. पण समिती आली, डब्यांचे फोटो घेऊन गेली, आणि मी या विषयातून मोकळा झालो.

एके दिवशी दुपारी प्राध्यापकांच्या खोलीत माझ्या हातून काचेचा पेला पडून फुटला. मी स्वतः तुकडे गोळा केले. ते टाकताना माझ्या मनात केवढा विवेक होता म्हणून सांगू! काच वितळवून पुनःपुन्हा नवी करता येते. तेव्हा ती ‘पुनश्चक्रणक्षम’. मी ते तुकडे माझ्याच शब्दाच्या डब्यात टाकले आणि तासाला निघून गेलो.

दुसऱ्या दिवशी आमच्याकडे झाडलोट करणाऱ्या मावशींच्या उजव्या हाताला पट्टी होती. तळव्याला चार टाके पडले होते.

“काय झालं हो मावशी?”

“काय न्हाई सर. डब्यात काच व्हती.”

“पण डब्यावर लिहिलं होतं ना?” माझ्या तोंडून निघून गेले.

मावशी हसल्या. “लिवलेलं वाचता यायला पायजे ना सर. आन् वाचून तरी काय? त्यात काच हाय आसं कुठं लिवलंय? त्या डब्यात कागुद असतो, म्हनून मी हात घालते.”

मी गप्प झालो. मी वर्गात ज्याला शब्दशक्ती म्हणून शिकवतो, तिचा हा पडताळा होता. माझा शब्द कोशाच्या दृष्टीने निर्दोष होता. पण ज्या हाताने तो डबा रोज उपसायचा, त्या हाताला तो काहीच सांगत नव्हता. काच माझी होती हे त्या दिवशी मी त्यांना सांगितले नाही. औषधाला म्हणून काही पैसे पुढे केले, ते त्यांनी घेतले, आणि मी जरा जास्तच घाईने तासाला गेलो.

त्यानंतर मी रस्त्याने डबे पाहत हिंडू लागलो. आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, लोक बायकामुलांना दुकानांच्या काचा दाखवतात, तुम्ही आम्हांला कचरापेट्या दाखवता!” पण पाहावे तितकी मौज वाढत होती. २००० सालच्या सरकारी नियमांत कुजणाऱ्या कचऱ्याला हिरवा डबा होता, पुन्हा उपयोगात येणाऱ्याला पांढरा आणि उरलेल्याला काळा. २०१७ सालच्या ५ जूनला देशभर मोहीम निघाली, तिच्यात ओल्याला हिरवा राहिला, पण सुक्याला निळा आला. तिकडे इस्पितळात जावे, तर कचऱ्यावरची निळी खूण म्हणजे काच! एकच निळा रंग. रस्त्यावर त्याचा अर्थ कागद, आणि इस्पितळात काच. सिग्नलचा तांबडा दिवा पुण्यात ‘थांबा’ आणि नागपुरात ‘चला’ असे सांगू लागला, तर आपण किती दिवस जिवंत राहू?

प्लास्टिकच्या बाटलीच्या बुडाशी तीन बाणांचा त्रिकोण असतो, तो पाहिला आहे ना? तीन बाणांची मूळ खूण १९७० साली गॅरी अँडरसन नावाच्या एका अमेरिकन विद्यार्थ्याने स्पर्धेसाठी काढली. पुढे १९८८ साली तिथल्या प्लास्टिक-उद्योगाने तशाच बाणांच्या पोटात १ ते ७ असे आकडे घातले. आकडा फक्त प्लास्टिकची जात सांगतो : १ म्हणजे पाण्याच्या बाटलीचे, ६ म्हणजे थर्माकोलच्या जातीचे. पण बाण पाहून लोक समजले की वस्तू पुन्हा उपयोगात येतेच येते! अखेर २०१३ साली तिथल्या मानकात बाण जाऊन साधा त्रिकोण आला. आपल्या हातातल्या बाटल्यांवर मात्र बाण अजून फिरतच आहेत. न्यायशास्त्रात म्हणतात, शब्द आणि अर्थ यांचा संबंध संकेताने ठरतो. संकेत सर्वांचा एक असला तरच तो संकेत. नाहीतर ती नुसती नक्षी.

डेन्मार्कने हे ओळखले. त्या देशाने साऱ्या गावांसाठी चित्रांचा एकच संच ठरवला. घरच्या डब्यावर जे चित्र, तेच कचरा-केंद्रावर. पण मला खरा धडा मिळाला तो डेन्मार्कहून नव्हे, पुण्यातच.

मावशींची धाकटी जाऊ ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेत आहे. तिच्याबद्दल बोलता बोलता मावशींनी त्या कष्टकऱ्यांच्या संघटनेचे नाव घेतले – कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. १९९३ सालापासून ही संघटना पुण्यात आहे, आणि तिचे नाव मी शंभरदा ऐकले असेन. पण त्या दिवशी ते मला पहिल्यांदा नीट ऐकू आले. कागद, काच, पत्रा! तीन शब्द, प्रत्येकाला हात लावून दाखवता येईल असा. मी दोन संध्याकाळ कोशात जे शोधत होतो, ते या बायकांनी आपल्या संघटनेच्या नावातच लिहून ठेवले होते.

“आमची जाऊ सांगते,” मावशी म्हणाल्या, “बायकांचं ते जे असतं, ते कागदात गुंडाळून वर लाल ठिपका द्यायचा. ठिपका दिसला की हात घालायचा न्हाई. वाचायचं कामच न्हाई.”

त्या एका ठिपक्यात माझ्या सगळ्या भारदस्त मजकुराहून अधिक व्याकरण होते.

मग आम्ही पुन्हा डबे मांडले. या वेळी मजकूर मावशींचा आणि अक्षर माझे. एकटा डबा कुठेही ठेवायचा नाही. एकटा दिसला की लोक त्यात सगळेच टाकतात. सगळीकडे डावीकडे हिरवा, उजवीकडे निळा. हिरव्यावर केळीची साल आणि चहाची पूड यांचे चित्र, खाली ‘ओला’. निळ्यावर कागद, बाटली आणि डबी, खाली ‘सुका’. निळ्याच्या झाकणाला कागदासाठी लांबट फट आणि बाटलीसाठी गोल भोक. म्हणजे उष्टी बशी आत सारताना हात आपोआप अडखळावा. आणि काचेसाठी प्राध्यापकांच्या खोलीत वेगळे खोके, त्यावर मोठा लाल ठिपका. अक्षर वाचता न येणाऱ्याने चित्र पाहावे, चित्राकडे लक्ष नसणाऱ्याने रंग पाहावा आणि रंगही न पाहणाऱ्याला झाकणाने अडवावे.

फार मोठी क्रांती झाली असे मी म्हणणार नाही. समोसा अजूनही कधीमधी सुक्यात सापडतो, आणि त्याच्या तेलाने भोवतालच्या कागदाची रद्दीतली किंमत जाते. पण मावशींचे डबे उपसणे पूर्वीपेक्षा लवकर आटोपते, आणि कोरडा कागद कोरडाच राहतो म्हणून रद्दीवाला तो कुरकुर न करता नेतो.

नवे डबे मांडून झाले त्या दिवशी मी मावशींना सांगून टाकले, “मावशी, त्या दिवशीची काच मी टाकली होती.”

त्या निळ्या डब्याचे झाकण बसवीत होत्या. वर न पाहता म्हणाल्या, “ठावं हाय सर. निळ्या फुलांचा पेला तुमचाच व्हता.”

म्हणजे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होते! एवढ्या दिवसांत त्यांनी शब्द काढला नव्हता, आणि मी तर शब्दांवर पोट भरणारा माणूस. तळव्यावरचा तो व्रण अजून दिसतो. हजेरीच्या वहीत अंगठा उठवताना त्यांचा हात पालथा असतो तेव्हा मला बरे वाटते.

तो फलाटावरचा पेला? तो घरी आला. रात्री सौभाग्यवतींनी माझी पिशवी उघडली आणि विचारले, “अहो, हे काय आणलंत गावाहून?” मी पेला घेतला, मोरीत विसळला, खिडकीत पालथा घातला आणि सकाळी वाळल्यावर निळ्या डब्यात टाकला.