नखाएवढा माळी

मित्रांनो, जगाचा नकाशा काढा बरं. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, कॅलिफोर्नियावर बोट ठेवा. आता जरासं उजवीकडे सरका. आलं मोहावी वाळवंट! चला, आज इथंच हिंडू या.

वाळवंट म्हणजे नुसती वाळू, असं वाटतं ना? इथं तर चक्क झाडं आहेत! वेडीवाकडी, हात वर करून उभी राहिल्यासारखी. फांद्यांच्या टोकांना टोकदार पानांचे झुबके. शेताच्या बांधावरचं घायपात पाहिलंय ना? त्याच्याच कुळातलं हे झाड. नाव जोशुआ वृक्ष. वर्षाला जेमतेम काही सेंटिमीटर वाढतं, पण शंभराहून जास्त वर्षं जगतं.

वसंतात त्याला फिकट हिरवट फुलांचे घोस येतात. जवळ या, पण जपून. पानं टोचतात हं! फुलात काय हलतंय? तुमच्या नखाएवढा पतंग. ही मादी आहे. तोंडाजवळच्या दोन बारीक सोंडांनी ती पराग गोळा करते, त्यांची गोळी वळते आणि ती घेऊन दुसऱ्या फुलाकडे उडते. तिथं फुलाच्या पोटात अंडी घालते. मग गोळीतले थोडे पराग काढून फुलाच्या कुक्षीवर नीट लावते.

मधमाशी येते मधासाठी, पराग तिच्या अंगाला आपोआप चिकटतात. ही मात्र मुद्दाम लावते! का बरं? पराग लागले तरच बी धरेल, आणि बी म्हणजे तिच्या अळ्यांचं जेवण. अळ्या थोड्या बिया खातात, बाकीच्या झाडाला उरतात. पोट भरलं की अळ्या खाली उतरून मातीत कोश करतात. पतंग नाही तर बी नाही, आणि झाड नाही तर पतंग नाही!

ऑगस्ट २०२० मध्ये इथं वीज पडून वणवा पेटला. सुमारे १३ लाख जोशुआ वृक्ष होरपळले. मग माणसं धावली. त्यांनी रोपं लावली, ओझी वाहायला उंटसुद्धा आणले! तरी बरीच रोपं जगली नाहीत. जी जगली, ती फुलायला कित्येक वर्षं लागतील. रोप आपण लावू शकतो हो, पण त्याच्या फुलांत पराग लावायला तो नखाएवढा माळीच यायला हवा.

आता एक काम. परसातल्या भोपळ्याच्या फुलावर कोण कोण येतं, ते आठवडाभर वहीत टिपून ठेवा. तुमच्या झाडाचा माळी कोण, ते तुम्हीच शोधा!