सागाची गिटार

मेळघाटचें सागवान आमच्या परतवाड्यास येतें व वनखात्याच्या आगारांत त्याचे लिलाव होतात; त्यामुळें विजेची गिटार करण्याचें मनांत आलें तेव्हां परदेशी मेपलाच्या मागें लागण्याचें आम्हांस कारण दिसलें नाहीं. पाडलेल्या एका वाड्याच्या दाराची फळी मिळाली. ती झाडाच्या बेचक्याजवळची असावी. रंधा फिरतांच तिच्यावर नदीच्या भोंवऱ्यासारख्या रेषा उमटल्या. सबंध वाद्य तिचेंच करावें, असें आमच्यांतील दोघांचें मत पडलें. परंतु सहा पोलादी तारा मिळून मानेवर सुमारें ४५ किलोंचा ताण आणतात. वळलेल्या रेषांचें लाकूड त्याखालीं वाकण्याची भीति, आणि मान वाकली कीं पडद्यांचें गणित फसलें. (बारावा पडदा तारेच्या बरोबर मध्यावर येतो, तेथें केसभर सूट नाहीं.) यास्तव मान सरळ रेषांच्या सागाची केली व भोंवरा धडास दिला. तारेच्या कंपनानें लोहचुंबकाभोंवतींच्या तांब्याच्या वेटोळ्यांत वीज उपजते आणि तिचाच पुढें आवाज होतो. लाकडाच्या रूपास तेथें फारसें कोणी विचारीत नाहीं, हें खरें. तरी भोंवऱ्यावर तेलाचा बोळा फिरला तेव्हां सगळे गप्प झाले. साग जड, धड मागून पोखरावें कीं नाहीं, हा वाद मात्र अद्यापि चालू आहे.