कोरी सोंगटी

बंगळूरला प्रतिनियुक्तीवर येऊन मला आता चौथे वर्ष लागले आहे. नागपूरच्या उन्हात वाढलेल्या माणसाला इथली संध्याकाळ म्हणजे शासनाने दिलेली सवलतच वाटते. अशाच एका पावसाळी संध्याकाळी वीज गेली आणि माझ्या मुलीने स्क्रॅबलचा डबा बाहेर काढला. पट मांडण्यापूर्वी तिने एक लहानसा खेळ सुचविला. शहराच्या इंग्रजी नावातली अक्षरे घ्यायची आणि त्यांतून जमतील तेवढे शब्द काढायचे.

जुन्या 'बँगलोर'मधून तिने भराभर शब्द काढले : अँगल, एंजल, लार्ज, ऑरेंज. मग म्हणाली, "बाबा, आता नव्या नावातून काढा." १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचे अधिकृत नाव 'बेंगळुरू' झाले. इंग्रजीत दोन्ही नावे नऊ अक्षरांचीच. मात्र एक 'ए' आणि 'ओ' गेले व त्यांच्या जागी दोन 'यू' आले. एंजल टिकला, ऑरेंज मात्र गेले. नामांतरात नागपूरकराचे संत्रे हरवले, असे म्हणून आम्ही हसलो.

हे शब्द शोधण्याची यंत्राची रीत अगदी साधी आहे. प्रत्येक शब्दाची अक्षरे वर्णानुक्रमाने लावून ठेवायची. 'फाईल' आणि 'लाईफ' हे इंग्रजी शब्द असे लावले, तर दोन्हींची ई, एफ, आय, एल अशी एकच ओळ तयार होते. जॉन बेंटली यांच्या 'प्रोग्रॅमिंग पर्ल्स' (१९८६) या पुस्तकात ही युक्ती सुंदर समजावलेली आहे. हातातल्या अक्षरांपैकी काहीच वापरायची असतील, तर प्रत्येक अक्षर किती वेळा आले ते मोजायचे. शब्दाची मागणी शिलकीपेक्षा जास्त नसली की झाले. अंदाजपत्रकाची तपासणी आम्ही याहून वेगळी करीत नाही! हा खेळ रचणारे आल्फ्रेड बट्स हे अमेरिकेतले वास्तुविशारद. १९३० च्या दशकातील मंदीत नोकरी गेल्यावर त्यांनी वर्तमानपत्रांतील अक्षरे मोजून सोंगट्यांचे प्रमाण ठरविले. शंभर सोंगट्यांपैकी दोन कोऱ्या असतात. कोरी सोंगटी कोणत्याही अक्षराच्या जागी चालते, मात्र तिला गुण शून्य.

त्या रात्री मुलगी कोऱ्या सोंगटीच्या जोरावर जिंकली. मला मात्र दिवसभर समोर असलेली एक नस्ती आठवली.

इथेच वाढलेल्या एका मराठी बाईंचे ते प्रकरण. पतीच्या मृत्यूनंतरचे कुटुंबनिवृत्तिवेतन अकरा महिने अडले होते. अर्जावर तीनदा एकच शेरा आला होता : 'नोंद आढळत नाही.' सुनावणीला त्या आल्या, तेव्हा कन्नड हेलाच्या मराठीत त्यांनी मला विचारले, "साहेब, नाव सापडत नाही म्हणतात. मग चाळीस वर्षं मी कुणाच्या घरात राहिले?" माझ्याजवळ उत्तर नव्हते. नियम पाहतो, एवढेच मी म्हणालो, आणि ते शब्द मला स्वतःलाच पोकळ वाटले.

त्यांचे आडनाव सांगणे उचित नाही. ते 'व'ने सुरू होते, एवढे पुरे. या 'व'ला इंग्रजीत दोन दारे आहेत, 'व्ही' आणि 'डब्ल्यू'. दुसऱ्या दिवशी मी संगणकचालकाला म्हणालो, "पहिले अक्षर कोरे ठेवा." विदासंचाला प्रश्न विचारण्याच्या भाषेत तशी सोय असते, खालची रेघ म्हणजे कोणतेही एक अक्षर. काही क्षणांत सात नावे पडद्यावर आली. त्यांत पाचवे त्या बाईंचे होते, 'डब्ल्यू'ने लिहिलेले.

नावे उच्चारावरून शोधण्याची 'साउंडेक्स' नावाची पद्धत जुनी आहे. रॉबर्ट रसेल यांना तिचे एकस्व १९१८ मध्ये मिळाले. पहिले अक्षर कायम ठेवायचे, स्वर गाळायचे आणि सारख्या ध्वनीच्या व्यंजनांना एकच अंक द्यायचा. 'गायकवाड' हे आडनाव इंग्रजीत 'ए-आय'ने लिहा की 'ए-ई'ने, संकेत जी-२३० असाच येतो. बंगळूरलाच १९५० साली जन्मलेले रजनीकांत, म्हणजे मूळचे शिवाजीराव गायकवाड, या पद्धतीत सहज सापडतील. पण पहिले अक्षर कायम, ही तिची अटच आमच्या 'व'ला मारक ठरते. इंग्रजी कानासाठी बनलेल्या चाळणीतून मराठी नावे अशीच गळून पडतात.

इथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. जाळे सैल केले की परकी नावेही त्यात येतात. उरलेल्या सहा नावांशी या बाईंचा काहीच संबंध नव्हता. म्हणून आम्ही पतीचा सेवाक्रमांक, जन्मतारीख आणि नामनिर्देशनपत्र पडताळले व नंतरच आदेश काढला. कोऱ्या सोंगटीला गुण शून्य असतात ते योग्यच आहे. ती वाट दाखवते, पुरावा होत नाही. परंतु केवळ स्पेलिंग जुळले नाही म्हणून 'नोंद आढळत नाही' असे लिहिणे, हेही पुराव्याशिवाय दिलेले उत्तरच आहे. यंत्राने संभाव्य नावे पुढे करावीत, निर्णय माणसाने घ्यावा आणि त्याखाली स्वतःची सही करावी.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या वाचकांनी एक काम मात्र जरूर करावे. घरातल्या वडीलधाऱ्यांची सेवापुस्तके, बँकखाती आणि आधारपत्रे एकदा शेजारी शेजारी ठेवून इंग्रजी नावे ताडून पाहावीत. तफावत असल्यास ते हयात असतानाच दुरुस्त करून घ्यावी. नंतर ते काम शोक करणाऱ्या माणसाच्या अंगावर पडते.

आदेशाची प्रत घेताना बाईंनी पोचपावतीवर सही केली. मी सहज नस्तीतले जुने कागद उलटून पाहिले. इंग्रजीत त्यांचे नाव तीन तऱ्हांनी लिहिलेले होते, आणि तिन्ही वेळा ते दुसऱ्याच कोणीतरी लिहिले होते. खाली त्यांची स्वतःची सही होती, देवनागरीतली. चाळीस वर्षांत तिच्यात एका मात्रेचाही फरक पडलेला नव्हता.